पैसे भरलेत ना!

बेलपाड्याहून हरिश्चंद्रगडावर चढणारी नळीची वाट मुळात पाण्याची. पाऊस वाढला की ते आपला मालकी हक्क बजावतं, वर सुटे धोंडेही सोडतं. अशा वेळी ‘चला, फिरू मागे’ म्हणणाऱ्याकडे सगळे ट्रेकर असे पाहतात, जणू त्याने लग्नातला आहेर परत मागितलाय. रविवार खर्ची पडलेला, पैसे भरलेले, टी-शर्टावर गडाचं नावही छापलेलं! आणि घोषणा कोणाच्या? ज्या शिवाजी महाराजांनी १६६५ साली पुरंदरच्या तहात २३ किल्ले सोडले आणि पुढे त्यांतले बहुतेक परत जिंकले, त्यांच्याच. यांना मात्र एक गड हिवाळ्यावर ढकलवत नाही. मग रात्री खालच्या पाड्यातली माणसं दोर-बॅटऱ्या घेऊन शोधायला निघतात. त्यांनी तर कुणाला पैसेही भरलेले नसतात.