वडसा–हीथ्रो, व्हाया काकाजी

वडशाहून कोणी विलायतेला निघालं की व्हिसाच्या आधी काकाजी येतात. त्यांना बोलवावं लागत नाही. पासपोर्टच्या पडताळणीसाठी पोलीस घरी येऊन गेला, एवढी बातमी त्यांना पुरते. संध्याकाळी दाराशी चपला वाजतात, "कोन चाललं गा लंडनले?" असा सवाल येतो, आणि आतून पाण्याचा तांब्या येईस्तोवर पहिला सल्ला देऊनही झालेला असतो.

काकाजी हे कुणा एकाचं नाव नव्हे. हा एक वर्ग आहे. बहुधा निवृत्त, शाळेतून, बँकेतून नाहीतर पंचायत समितीतून. मुलगी किंवा मुलगा तिकडे नोकरीला, आणि त्या निमित्तानं एकदा, फक्त एकदाच, जाऊन आलेला. जे वरचेवर जातात ते सल्ला देत नाहीत. विचारलं तर "गेल्यावर कळते आपोआप" म्हणून मोबाइलमध्ये तोंड घालतात. एकदाच गेलेल्याला मात्र विमानातल्या ताटलीचा रंगसुद्धा आठवतो.

आणि वडसा ही या वर्गाला मोठी मानवणारी जागा. १९८२ साली चांद्यातून गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला तेव्हा त्याच्या वाट्याला रेल्वे आली ती वडशापुरती. आरमोरी, कुरखेडा, कोरची, धानोरा, अगदी गडचिरोलीतल्या माणसालाही या मार्गावरची गाडी धरायची तर इथंच यावं लागतं. तो बसमधून उतरतो तोच प्रश्न घेऊन. गोंदियाची गाडी गेली का, बल्लारशाची किती लेट, डबा कुठं लागेल. अशा प्रश्नांवर स्टेशनबाहेरच्या टपऱ्यांमध्ये उत्तरं देणाऱ्यांच्या पिढ्या पोसल्या गेल्या. चौकशीच्या खिडकीत साहेब असो नसो, बाकावर कोणीतरी असतोच. काकाजी त्याच घराण्यातले, फक्त त्यांनी हद्द वाढवून घेतली.

त्यांच्या मते ती हद्द मुळातच मोठी होती. गोंदिया–चांदा फोर्ट ही लाइन बंगाल-नागपूर रेल्वेची, आणि त्या कंपनीची स्थापना १८८७ ची. तिचं संचालक मंडळ लंडनला बसत असे. "म्हनजे आपली छोटी गाडी कोन चालवे? लंडन!" असं म्हणून काकाजी वडसा आणि लंडन एका दोरीनं बांधतात. नव्वदच्या दशकात छोटी गाडी जाऊन ब्रॉडगेज आलं, पण काकाजींच्या बोलण्यात ती दोरी अजून सुटलेली नाही.

पहिला सल्ला नावाचा. स्टेशनवर पाटी 'वडसा', तालुका आणि नगर परिषद 'देसाईगंज'. आधारवर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं. "फारमावर एकच नाव टाकजो, पासपोर्टवर हाय तेच. गोऱ्याले दोन नावं समजत नाही." यातला पहिला भाग सोळा आणे खरा. दुसरा तितकासा नाही. गोऱ्याला दोन नावं चांगली समजतात, उलट एका नावाची दोन गावंही तो सुखानं चालवतो. गिलिंगहॅम नावाचं एक स्टेशन केंटमध्ये आहे, एक डॉर्सेटमध्ये. चुकीच्या गिलिंगहॅमचं तिकीट काढणारा वडशाचाच असावा लागत नाही. आणि लंडन हे नाव तर तिथं विमानतळांना बक्षीस म्हणून वाटलेलं आहे. लुटन मूळ लंडनपासून पन्नासेक किलोमीटर दूर, स्टॅनस्टेड त्याहून लांब, तरी दोघांच्या पाटीवर लंडन. ऑक्सफर्डच्या छोट्या विमानतळानंही ते लावून घेतलं. स्वस्त तिकिटाच्या मोहात लुटनला उतरायचं, मग पुढच्या रेल्वेभाड्यात वाचलेले पैसे घालायचे, हा प्रकार काकाजी तळमळीनं सांगतात.

दुसरा अंक सामानाचा. विमान कंपनी तेवीस किलोच्यावर एक किलो धकू देत नाही, म्हणून बॅग घरच्या काट्यावर नव्हे, राईस मिलच्या काट्यावर मोजायची हा काकाजींचा दंडक. धानाचं पोतं उतरलं की त्याच काट्यावर निळी ट्रॉली बॅग चढते. हमाल बाजूला उभे राहून आकडा वाचतात. "चोवीस सातशे." बॅग उघडते. सगळ्यांसमक्ष काकू आतून एक-एक पुडी काढतात: लाखोळीच्या डाळीचं पीठ, सुकवलेली भाजी, मिरचीचा ठेचा, आणि तळाशी तुपाची बरणी. इथं काकाजींचा आवाज चढतो. भारतातून ब्रिटनमध्ये मांस आणि दूधदुभतं नेता येत नाही, म्हणजे तूप, पेढे, बर्फी हे सगळं बाद. हे त्यांना पाठ आहे, कारण त्यांनी स्वतः जाताना पेढे नेले होते. हीथ्रोवर कोणी बॅग उघडली नाही, पेढे सुखरूप रेडिंगला मुलीकडे पोचले, आणि नियम तिनं नंतर वाचून दाखवला. पण आता तेच पेढे त्यांच्या तोंडून वर्षातून चार-पाचदा तरी जप्त होतात.

मग हीथ्रो. "एक नंबरच्या टर्मिनलवर जाजो नको." पोरगं विचारतं, का? "हायेच कोठी?" आणि हे अगदी खरं आहे. तिथं दोन, तीन, चार आणि पाच नंबरची टर्मिनलं आहेत. एक नंबरचं २०१५ मध्येच बंद झालं. शहरात जायच्या वाटा तीन. हीथ्रो एक्सप्रेस पंधरा मिनिटांत पॅडिंग्टनला टाकते, पण ऐनवेळी काढलेलं तिकीट पंचवीस पौंडांच्या घरात. पिकॅडिली लाइनची मेट्रो तासभर घेते, पण कितीतरी स्वस्त. आणि या दोघींच्या मधली, २०२२ साली सुरू झालेली एलिझाबेथ लाइन. काकाजी मधली सुचवतात. रेडिंगला मात्र हीथ्रोहून थेट रेल्वे नाही. बस धरा, नाहीतर हेज अँड हार्लिंग्टनला गाडी बदला. "जसं नागपूरले जासाठी नागभीडले उतरून छोटी गाडी धरो, तसंच," म्हटल्याबरोबर समोरच्या म्हाताऱ्याला लंडनचा सगळा भूगोल कळतो. ती नागभीडची छोटी गाडी रुंदीकरणासाठी २०१९ मध्ये बंद झाली, हे सांगायला काकाजी विसरतात. उपमा चांगली होती.

लंडनात तिकीट काढायची गरज नाही, बँकेचं कार्ड फाटकाला टेकवायचं, उतरताना तेच कार्ड पुन्हा टेकवायचं. यात काकाजी एक पोटकलम घालतात: नवरा-बायकोला कार्डं वेगवेगळी लागतात. हे पोटकलम कुठून आलं ते काकू सांगतात, तेही फक्त बायकांमध्ये. पॅडिंग्टनला काकाजींनी आपलं कार्ड टेकवलं, फाटकातून रुबाबात पार झाले, आणि तेच कार्ड मागं वळून काकूंकडे दिलं. फाटक काही उघडेना. काकू अलीकडे, काकाजी पलीकडे, मागं खोळंबलेले लोक 'सॉरी' म्हणत. दरवाजाचंही तेच. गाडी लागली, माणसं उतरली, दारं मिटली, आणि काकाजी दार आपोआप उघडायची वाट पाहत उभे. दाराशेजारचं बटण दाबलं ते काकूंनी. आता काकाजी निघणाऱ्या प्रत्येकाला अंगठा हवेत दाबून दाखवतात, "बटन! बटन विसरजो नको."

तिकिटांवर ते रंगतात ते वेगळंच. मागच्या पावसाळ्यात राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीवर लीड्सला निघालेला एक पोरगा त्यांच्या तावडीत सापडला. त्यानं किंग्ज क्रॉसहून लीड्सचं 'ॲडव्हान्स' तिकीट आधीच काढून ठेवलं होतं, विमान उतरल्यापासून तीन तासांचं अंतर ठेवून. काकाजींनी कपाळाला हात लावला.

"विमान लेट झालं तं?"

"दुसऱ्या गाडीनं जाईन जी."

"अन् तिकीट?"

ॲडव्हान्स तिकीट म्हणजे त्याच गाडीचं, त्याच वेळेचं. साधारण बारा आठवडे आधी निघतं, स्वस्त असतं, पण गाडी चुकली की कागद. त्याच तिकिटावर दुसऱ्या गाडीत बसलास तर इंग्लंडात शंभर पौंडांपर्यंत दंड, वर भाडं. विमानातून उतरायच्या दिवशी 'ऑफ-पीक' घ्यावं. गर्दीची वेळ सोडली की कुठल्याही गाडीत बसता येतं. हा सल्ला इतका नेमका होता की पोरगा वही काढून बसला. काकाजींना तेवढंच हवं होतं. पाठोपाठ त्यांनी तिकीट तोडायची विद्या सांगितली. लांबच्या प्रवासाचं एक तिकीट काढण्याऐवजी वाटेतल्या स्टेशनापर्यंत एक आणि तिथून पुढं दुसरं काढलं तर कधीकधी बरेच पैसे वाचतात. कायद्यानं चालतं, अट एकच की गाडी त्या स्टेशनावर थांबली पाहिजे. डब्यातून उतरावंही लागत नाही. "त्याच सीटवर बसून राह्यचं, फक्त तिकीट बदलते," हे वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं.

पण काकाजींचा जीव ज्यात अडकला आहे ते कार्ड पाकिटात आहे. आपल्या रेल्वेनं ज्येष्ठांची भाडेसवलत २०२० च्या मार्चमध्ये बंद केली. साठीच्या पुरुषांना चाळीस टक्के, अठ्ठावन्नच्या बायकांना निम्मी मिळायची. वडशात ती गेली, आणि काकाजींना ती सापडली रेडिंगच्या तिकीट खिडकीवर. साठ पूर्ण असले की कोणत्याही देशाच्या माणसाला सीनियर रेलकार्ड मिळतं, पासपोर्ट दाखवला की झालं. पस्तीस पौंड भरायचे आणि वर्षभर बहुतेक तिकिटांवर एक तृतीयांश सूट. कार्डाची मुदत कधीच संपली. तरी ते पाकिटात आधार कार्डाच्या पुढच्या कप्प्यात आहे, आणि काढून दाखवताना काकाजी त्यावरची तारीख अंगठ्यानं झाकतात.

काकाजींना स्टेशनवर एकच माणूस भारी पडतो, तो म्हणजे न गेलेला. हा दुसरा सल्लागार वडशाबाहेर फारतर तिरुपतीपर्यंत गेलेला, पण मोबाइलवर त्याला ब्रिटनच्या गाड्या चालत्या दिसतात. काकाजी अनुभवावर बोलतात, हा माहितीवर, आणि बाकावरच्या लोकांना माहिती जास्त आवडते. डिसेंबरात काकाजी कुणाला तरी मँचेस्टरचा मार्ग समजावत होते, तारीख निघाली पंचवीस. हा शांतपणे म्हणाला, "त्या दिवशी गाडीच नाही." बाक हसला. नाताळच्या दिवशी ब्रिटनमध्ये रेल्वे जवळपास पूर्ण बंद असते, दुसऱ्या दिवशीही फारच थोड्या गाड्या, आणि रविवारी रूळदुरुस्ती निघाली तर रेल्वेच्या तिकिटावर बस. दिवाळीला जादा गाड्या सोडणाऱ्या देशातल्या लोकांना सणाच्या दिवशी रेल्वेच बंद ठेवणारा देश पटणं कठीणच. काकाजींनाही ते माहीत नव्हतं; ते जूनमध्ये गेले होते.

त्या दिवशीचा डाव त्यांनी 'डिले रिपे'वर सावरला. तिथं गाडी पंधरा मिनिटं लेट झाली तर बऱ्याच कंपन्या तिकिटाचा चौथा हिस्सा परत देतात, अर्धा तास झाला तर निम्मं, तासभर झाला तर एका बाजूचं पूर्ण भाडं. अर्ज घरबसल्या. हे ऐकून बाकावरचे सगळे गप्प झाले, मग एकेकानं आपापला हिशोब मांडला. पुढच्या दहा मिनिटांत वडशाच्या फलाटावर रेल्वेकडून जी येणी निघाली, त्यात आरमोरीपर्यंत सिमेंट रस्ता झाला असता.

लीड्सचा पोरगा निघाला त्या रात्री काकाजींनी एक गोष्ट मात्र आवाज न चढवता सांगितली. लंडनात नॉर्दर्न लाइननं चॉक फार्मला उतरायचं, तिथून चालत किंग हेन्रीज रोड, घर नंबर दहा. १९२१–२२ मध्ये बाबासाहेब शिकत असताना तिथं राहिले. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं ते घर विकत घेतलं. चांद्याची आणि नागपूरची दीक्षाभूमी पाहिलेल्या माणसानं ते पाहिल्याशिवाय परत येऊ नये. वाट त्यांनी वहीवर स्वतः काढून दिली, वळणावरच्या पुलासकट. ती वाट नकाशाशी ताडून पाहायची न गेलेल्यालाही इच्छा झाली नाही.

काकाजींची खरी कसोटी हल्लीच लागली. कुरखेड्याकडची एक बाई मुलाला गाडीत बसवून परतत होती. बाकावर लंडन रंगलेलं पाहून ती थांबली. "तुमाले रेल्वेचं सगळंच माईत दिसते जी. वडशाहून गडचिरोलीले रेल्वे जानार होती, ते कवा जाते?"

बावन्न किलोमीटरची लाइन, २०११–१२ मध्ये मंजूर झालेली. काम सुरू आहे. काकाजी क्षणभर थबकले आणि मग थेट इंग्लंडात शिरले. लंडन ते बर्मिंगहॅम अशीच एक वेगवान लाइन होते आहे, एचएस-टू. २०१७ मध्ये संसदेनं मंजुरी दिली, २०२६ मध्ये गाडी धावणार होती, मँचेस्टरचा फाटा २०२३ मध्ये रद्दच केला, आणि आता २०३३ सुद्धा हुकणार असं तिथले मंत्रीच म्हणतात. इंग्रजाचे हे हाल, तर...

"ते राहू द्या," बाई म्हणाली. "कुरखेड्याची बस कवा लागते?"

काकाजींनी टपरीवाल्याकडे पाहिलं. टपरीवाल्यानं न गेलेल्याकडे. न गेलेल्यानं मोबाइल काढला, रेंज शोधली, आणि तिघांचा निकाल लागायच्या आत बाईनं पदर खोचून रिक्षा थांबवली.