पायाखालची जमीन

नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉप कंपनीने १९८३ साली ‘वॉरहॅमर’ हा युद्धखेळ काढला, आणि तेव्हापासून चांगली कमावती माणसं त्यातल्या बोटभर उंचीच्या राक्षस-पुतळ्यांचे डोळे रंगवत बसली आहेत. डोळा म्हणजे पांढऱ्यावर काळा ठिपका. तो टेकवताना श्वास रोखला तरी राक्षस चकणाच होतो. मग ‘हे असेच बघतात’ असं ठरवून टाकायचं. बाकीच्या चुकांसाठी ‘नल्न ऑइल’ आहेच. हे पातळ काळं पाणी फासलं की खाचाखोचांत उतरतं आणि फटफजिती सावली म्हणून खपते.

खरी साधना बेसची. पायाखालच्या टीचभर प्लॅस्टिकवर आधी डिंक, मग वाळू, खडक म्हणून बुचाचा तुकडा, वर डबीतलं नायलॉनचं गवत. (आपली पोरं दिवाळीच्या किल्ल्यावर हळीव पेरतात, तो निदान उगवतो तरी.) बरं, चौकोनी बेस निगुतीने सजवावेत, तर २०१५ साली कंपनीने ‘वॉरहॅमर’चं अख्खं जगच बुडवलं, नव्या खेळात बेस गोल. भक्तांनी सैन्यं उपटून गोलावर चिकटवली. जानेवारी २०२४मध्ये ‘द ओल्ड वर्ल्ड’ या नावाने ते बुडालेलं जग पुन्हा अवतरलं. बेस पुन्हा चौकोनी, त्यातही बरेचसे पूर्वीपेक्षा पाच मिलिमीटरने मोठे! कटर परत बाहेर निघाले. त्याच वर्षी डिसेंबरात कंपनी लंडन शेअर बाजाराच्या ‘एफटीएसई १००’मध्ये जाऊन बसली. गवताची डबी अजूनही वेगळीच विकत घ्यावी लागते.