अंगणवाडी आणि अरबी समुद्र

कुणी विचारले नसते तर कुणाचेही अडले नसते, परंतु एकदा विचारले गेल्यावर घरातल्या कुणालाही जेवण गोड लागू देत नाहीत, अशा प्रश्नांत दोन-तीन वर्षांच्या मुलाला बालवाडीतच पोहायला शिकवावे काय, या प्रश्नाची गणना करावी लागते. पुण्या-मुंबईत हा प्रश्न बहुधा शुल्काचा असतो; देवगड तालुक्यातील कुणकेश्वरात तो भूगोलाचा आहे, कारण तेथे शंकराचे देऊळच थेट समुद्राला लागून उभे आहे. महाशिवरात्रीच्या यात्रेला देवस्वाऱ्या, म्हणजे लवाजम्यासह निघालेल्या गावोगावच्या ग्रामदेवता, येथे येऊन समुद्रात तीर्थस्नान करतात. तात्पर्य, या किनाऱ्यावर देवांनाही पाण्यात उतरणे चुकलेले नाही. मात्र त्यांना घट्ट धरून ठेवणारी दणकट माणसे सोबत असतात, ही बाब प्रस्तुत विवेचनात दुर्लक्षून चालणार नाही.

शिशुजलतरणाचा कैवारी हा सामान्यतः चाकरमानी, म्हणजे पोटासाठी मुंबईस राहणारा आणि गणपतीला व मे महिन्यात गावी अवतरणारा गृहस्थ असतो. हवा भरण्याचे बदक आणि मुलाच्या नाकावर न टिकणारा चष्मा घेऊन तो येतो आणि मूल उपजतच पोहणारे असते, हा सिद्धान्त ओसरीवर मांडतो. सिद्धान्त अगदीच निराधार नाही. मायर्टल मॅग्रॉ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1939 साली असे नोंदवले की, काही आठवड्यांचे अर्भक पाण्यात पालथे धरले असता तालात हातपाय मारते. परंतु ही प्रतिक्षिप्त क्रिया, म्हणजे मेंदूला न विचारता शरीराने परस्पर केलेला कारभार, काही महिन्यांतच विस्कटते, आणि चाकरमान्याची रजा मंजूर होईतो मूल हे सारे विसरलेले असते.

विरोधी पक्षाचे नेतृत्व आजीकडे असते. “चड्डी घालूक येना नाय आणि पवाक खंय शिकवतास?” हे तिचे प्रतिपादन वरकरणी वस्त्रविषयक वाटले, तरी त्याच्या मुळाशी शरीरशास्त्र आहे. या वयात डोके उरलेल्या देहाच्या मानाने जड असते. त्यामुळे न्हाणीघरातल्या अर्ध्या भरलेल्या बादलीत तांब्या शोधण्यासाठी वाकलेले मूल डोक्यावर आत जाते, हात टेकून वर येण्याइतका जोर त्याच्या अंगी नसतो, आणि ओरडायला श्वास उरत नसल्यामुळे शेजारच्या खोलीतही काही ऐकू जात नाही. अरबी समुद्राकडे डोळे वटारून बसलेल्या कुटुंबाच्या पाठीमागे ती बादली असते.

तज्ज्ञांचेही मत भरती-ओहोटीप्रमाणे सरकत आले आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने 2000 साली चार वर्षांखालील मुले अशा शिक्षणास तयार नसतात असे सांगितले, 2010 मध्ये हा आग्रह सैल केला आणि 2019 मध्ये पहिल्या वाढदिवसानंतर शिकवण्यास अनुमती दिली. 2009 च्या एका पाहणीत एक ते चार वर्षांच्या ज्या मुलांनी रीतसर धडे घेतले होते, त्यांच्यात बुडण्याचा धोका 88 टक्क्यांनी कमी आढळला होता. पाहणी लहान असल्यामुळे हा आकडा जपूनच वापरावा लागतो. मात्र धडे घेतलेले असोत वा नसोत, पाण्यातल्या लहान मुलापासून मोठे माणूस हाताच्या अंतरावर असले पाहिजे, हे कलम अकादमीने कधीच सैल केले नाही, आणि अंगणवाडीचे गणित नेमके येथेच अडते. तेथे एक सेविका आणि एक मदतनीस. पैकी मदतनिसीचे दोन्ही हात खिचडीत आणि सेविकेचा एक हात मोबाइलवरील ‘पोषण ट्रॅकर’मध्ये. उरलेल्या एका हाताच्या अंतरावर सगळा वर्ग बसवण्याची युक्ती कोणत्याही प्रशिक्षणात शिकवली जात नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने हा तिढा निराळ्या रीतीने सोडवला आहे: पोहणे सहा वर्षांनंतर, आणि त्याआधी सांभाळ. बांगलादेशातील खेड्यांत आया सकाळी कामात गुंतलेल्या असतानाच मुले तळ्यांत बुडतात, हे ध्यानी आल्यावर तेथे ‘आंचल’ नावाची पाळणाघरे नऊ ते एक चालवण्यात आली. अर्थात बालवाडीने द्यावयाचा जलतरणाचा पहिला धडा म्हणजे दाराला लावलेली कडी होय. आपल्याकडील एकात्मिक बालविकास योजना 2 ऑक्टोबर 1975 पासून चालू आहे. परंतु तिच्यात तीन ते सहा वर्षांची मुले अंगणवाडीत बसतात आणि त्याहून लहानांचा आहार घरी पोहोचतो. ज्याच्यावर सर्वांत जास्त नजर हवी ते दीड वर्षाचे रत्न, त्यामुळे, पाकिटासकट घरीच राहते.

पुढील शिक्षणाची सोय कोकणाने पूर्वीच केलेली आहे. मूल शाळेत रुळले की मे महिन्याच्या सुट्टीत एखादा मामा दोन असोले सुके नारळ, म्हणजे सोडणासकटचे, दोरीने जोडून त्याच्या काखेखाली बांधतो आणि त्याला जांभ्याच्या बावीत, म्हणजे विहिरीत, सोडतो. समुद्र उशाशी असून शिक्षणासाठी बावच निवडली जाते, हा निर्णय पोरांच्या लेखी भ्याडपणाचा असला तरी शहाणपणाचा आहे, कारण बावीचे पाणी कुणाला ओढून नेत नाही. पाठीमागून ढकलून देण्याची जी पदवीदान-पद्धती काही मामांत रूढ आहे, तिचा पुरस्कार मात्र करता येत नाही.

तेव्हा चाकरमान्याने आपले बदक खुशाल फुगवावे, आणि ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूवर पोराचा हात धरून त्याला घोटाभर पाण्यात बसवावे. ग्रामसभेत ठराव मांडायचाच असेल, तर तो अंगणवाडीतील जलतरणाचा न मांडता बिनकठड्याच्या बावींना कठडा आणि वर जाळी घालण्याचा मांडावा, आणि सभेला निघण्यापूर्वी न्हाणीघरातली बादली पालथी घालावी.