पालकाचा व्यवसाय

कुठल्याही शाळेचा खरा इतिहास सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत सापडत नाही. तिथे संस्थाचालकांचे फोटो असतात, मंत्रिमहोदयांचे शुभसंदेश असतात आणि मधल्या पानावर सिमेंट-पत्र्याच्या दुकानाची जाहिरात असते. इतिहास असतो मुख्याध्यापकांच्या कपाटातल्या दाखलखारीज रजिस्टरात. मुलाचं नाव, बापाचं नाव, जात, जन्मतारीख, दाखल झाल्याची तारीख, शाळा सोडल्याची तारीख, सोडण्याचं कारण, वर्तणूक आणि शेवटी शेरा. यातला वर्तणुकीचा रकाना सोडून बाकी सगळे वाचनीय. वर्तणूक सगळ्यांची 'चांगली'च असते. मग राज्यात एवढे गुंड आले कुठून, हे मात्र त्या रजिस्टरावरून कळत नाही.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो पालकाच्या व्यवसायाचा रकाना. तो सगळ्याच रजिस्टरांत असतो असं नाही, पण जिथे असतो तिथे एका शब्दात अख्खं घर उभं राहतं. तिकडे वेल्समध्ये 1889 च्या कायद्यानंतर गावोगाव माध्यमिक शाळा निघाल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी तिथल्या प्रवेशाच्या वह्यांतही हा रकाना असे, आणि त्यात खाणकामगार, शेतकरी, दुकानदार, धर्मोपदेशक असे बाप एकाखाली एक ओळीने बसलेले असत. पोरगं लॅटिन शिकायला आत गेलं, आणि कोळशाने काळा झालेला बाप रकान्यात राहिला.

आता आपल्या हेमलकशाला येऊ. आलापल्लीहून 60 किलोमीटरच्या आसपास जंगलातून गेलं की भामरागडच्या अलीकडे हे ठिकाण लागतं. गडचिरोली जिल्हा झाला 1982 साली. त्याआधी हा सगळा मुलूख चंद्रपुरात मोडायचा. बाबा आमटे यांनी 23 डिसेंबर 1973 रोजी इथे लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे इथे येऊन राहिले. आधी दवाखाना निघाला आणि 1976 मध्ये निवासी आश्रमशाळा. पहिले विद्यार्थी माडिया गोंड. त्यांच्याविषयी, आमट्यांविषयी पुष्कळ लिहिलं गेलं आहे, सिनेमाही निघाला आहे. माझं लक्ष आहे ते त्या पोरांच्या मागे उभ्या असलेल्या आईबापांकडे. माझं सरळ म्हणणं असं, की त्या वर्षी पहिलीचा अवघड पेपर त्यांनी सोडवला. पोरांना सोपा होता.

शहरात शाळेत प्रवेश म्हणजे काय, ते आपण जाणतोच. बालवाडीच्या फॉर्मसाठी बाप पहाटेपासून रांगेत उभा, आई मुलाकडून फळांची नावं पाठ करून घेते आणि ओळखीतल्या नगरसेवकाला आदल्याच आठवड्यात फोन गेलेला असतो. हेमलकशात ही रांग उलटी होती. गोपाळ फडणीस गुरुजी आणि त्यांचे सहकारी पालकांच्या दारात उभे, आणि प्रवेश द्यायचा की नाही हे ठरवणार पालक. मुलाखत गुरुजींची. प्रश्नही चोख.

असा एखादा प्रसंग डोळ्यासमोर आणून पाहा. पायवाटेने चालून चालून घामाघूम झालेले गुरुजी अंगणात बसले आहेत. बाप चुलीजवळ बसून बाणाचं टोक घासतो आहे, मान वर करत नाही. पोरगं केव्हाच घरामागच्या झाडावर चढून बसलं आहे.

"किती दिवस नेतो?"

"दहा वर्षं तरी."

"गुरं कोण राखील?"

गुरुजी गप्प.

"जेवायला कोण देतो?"

"शाळाच देईल. कपडे, वह्या, सगळं."

बाप घासायचं थांबतो. फुकट खायला घालून, वर कपडे देऊन दहा वर्षं पोरगं ठेवून घेणारा माणूस नेमका कशावर टपला आहे, हा संशय त्याच्या डोळ्यांत उमटतो. यात अडाणीपणा काय? तुमच्याआमच्या दारात उद्या कुणी असा माणूस आला, तर आपण आधी पोलिसांना फोन करू.

शिवाय तोवर जंगलात नाव लिहून घ्यायला कोण येत असे, हेही लक्षात घ्या. जंगल खात्याचा माणूस यायचा, पोलीस यायचा, ठेकेदाराचा मुकादम यायचा. कागदावर नाव चढलं की मागोमाग काहीतरी भोगायला लागायचं, हा पिढ्यांचा अनुभव. आणि इथे गुरुजी पोराचं नाव लिहायला मागत होते, तेही कायमचं!

बरं, नाव लिहिलं तरी पुढे जन्मतारीख आहेच. ग्रामीण महाराष्ट्रात एक जून हा सामुदायिक वाढदिवस का आहे, हे आपल्याला ठाऊक आहे. शाळा जूनमध्ये उघडते, गुरुजींना रकाना भरायचा असतो आणि पोराच्या जन्माची खूण आईकडे वेगळीच असते. ज्या साली मोह उदंड झाला, ज्या साली नदी गावात शिरली, त्या साली. एवढ्यावरून इसवी सन काढणारा प्राथमिक शिक्षक हा खरं तर पुरातत्त्व खात्यात हवा. वय ठरवायची दुसरी सरकारमान्य नसलेली पण हुकमी पद्धत म्हणजे उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावणं. हात पोचला की पोरगं पहिलीला पात्र. या परीक्षेत आजवर पेपर फुटल्याचं ऐकिवात नाही.

मग येतो आपला रकाना, पालकाचा व्यवसाय. इथे कारकुनाची खरी पंचाईत होते. उन्हाळ्याच्या तोंडाला हा माणूस मोहफुलं वेचतो, पुढे चारोळी गोळा करतो, मे महिन्यात तेंदूपत्त्याच्या कामावर जातो, पावसाळ्यात धान लावतो, ओढ्याला बांध घालून मासे धरतो, बांबू चिरून टोपल्या विणतो, घर शाकारतो, रेला नाचताना ढोल वाजवतो आणि कुठला पाला कशावर चालतो हे गावाला सांगतो. रकाना एक इंचाचा. कारकून थोडा विचार करतो आणि लिहितो, 'मजुरी'. अर्ध्या डझन विद्यांत पारंगत असलेला माणूस एका शब्दात अकुशल होऊन जातो. आपल्याकडे याच्या निम्म्या गोष्टी येणारा गृहस्थ त्यांची कार्यशाळा घेतो आणि नोंदणी शुल्क लावतो.

आईच्या नावाला तर या रजिस्टरात फार काळ जागाच नव्हती. शासकीय कागदांवर मुलाच्या नावापुढे आईचं नाव लावणं सक्तीचं झालं ते 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांसाठी. हेमलकशातली पहिली पोरं शाळेत गेली तेव्हा त्यांच्या वाट्याची पाखरं हाकायला शेतात कोण उभं राहिलं आणि मागचं तान्हं कुणी पाठीला बांधलं, याची नोंद कुठल्याही रजिस्टरात नाही.

'शाळा सोडल्याचे कारण' हा रकाना तर या शाळेत पहिल्या पंधरवड्यातच उघडावा लागला असता. पोरं पळून जायची. रात्रीच्या काळोखात जंगल तुडवत सरळ घर गाठायची. आपल्या मुलांना चौकातून क्लासला एकटं सोडायला आपण धजत नाही. ही लेकरं कुठल्याही नकाशाशिवाय आपापल्या चुलीपाशी पोचत. भूगोलात पैकीच्या पैकी, हजेरीत शून्य. मागोमाग गुरुजी निघत, पुन्हा तेच अंगण, पुन्हा तीच मुलाखत. फक्त या खेपेला पोरगं झाडावर आणखी वरच्या फांदीवर.

त्यात शाळेचं वेळापत्रकही घराच्या मुळावर आलेलं. मोह गळतो मार्च-एप्रिलमध्ये, आणि नेमकी तेव्हाच वार्षिक परीक्षा. धानाची धांदल जून-जुलैत, आणि तेव्हाच शाळा उघडणार. हे वेळापत्रक आखणाऱ्या साहेबाने जन्मात एकही मोहफूल वेचलेलं नसावं. म्हणजे पोरगं शाळेत ठेवायचं तर घरातले दोन हात ऐन हंगामात कमी होणार, आणि मोह काही परीक्षा संपेपर्यंत झाडावर थांबत नाही. आपण मुलांच्या शिक्षणासाठी कर्ज काढतो आणि चारचौघांत सांगतो. या माणसांनी मोहाच्या टोपल्या सोडल्या आणि कुणाला सांगितलं नाही.

भाषेचा प्रश्न आणखी वेगळा. पोरं माडिया बोलणार, पुस्तक मराठीत. एकोणिसाव्या शतकात वेल्समधल्या काही शाळांत वेल्श बोलताना सापडलेल्या मुलाच्या गळ्यात लाकडाची फळी अडकवत. दुसरं पोर सापडलं की फळी त्याच्या गळ्यात, आणि शेवटी ज्याच्या गळ्यात उरेल त्याला छडी. हेमलकशात उलटं घडलं. इथे आधी डॉक्टर आणि गुरुजी माडिया शिकायला बसले. प्रकाश आणि मंदाकिनी आमट्यांची मुलं, दिगंत आणि अनिकेत, याच शाळेत माडिया पोरांबरोबर शिकली आणि त्यांची भाषा बोलू लागली. पुढच्या काळात माडियातून शिकवण्याची पुस्तकंही तयार झाली. मास्तरच आपल्या बोलीत अडखळतो आहे, हे पाहून पोरांना शाळेचा केवढा धीर आला असेल! शिकणारा आपण एकटाच नाही, हे कळलं की निम्मा अभ्यास होतो.

तरी विश्वास बसायला शाळेपेक्षा दवाखाना कामी आला. तापाने फणफणलेलं माणूस बरं होऊन घरी आलं, की त्या डॉक्टरच्या शाळेत पोरगं पाठवायला हरकत नाही असं वाटे. अर्थात डॉक्टर शहाणा आहे याबद्दल सगळ्यांची खात्री होती असं नाही. शिकार करून चाललेल्या माडियांकडे डॉक्टरांना मेलेल्या माकडिणीला बिलगलेलं पिल्लू दिसलं, आणि त्यांनी ते तांदळाच्या बदल्यात मागून घेतलं. तिथून वन्य प्राण्यांचं अनाथालय सुरू झालं. पुढे त्यात बिबटे आले, अस्वलं आली. ज्याच्यापासून गुरं वाचवायची तो बिबट्या इथे दूध पिऊन डॉक्टरच्या मांडीवर लोळतो, हे पाहून एखाद्या म्हाताऱ्याने काय विचार केला असेल? पोराला शिकवायला निघालेल्या माणसांनाच आधी चार गोष्टी शिकवायला हव्यात, असंच ना?

पण मग एक दिवस पोरगं सुट्टीत घरी येतं आणि बापाबरोबर आठवडी बाजारात जातं. मिठाच्या बदल्यात चारोळी मोजून घेण्याची व्यापाऱ्याची जुनी रीत. पोरगं काट्याकडे बघतं आणि आकडा मोठ्याने वाचतं. व्यापारी चपापतो. बापाला आकडा कळत नाही, व्यापाऱ्याचा चेहरा मात्र बरोबर कळतो. माझी खात्री आहे, हेमलकशाच्या शाळेला खरी मान्यता कुठल्याही अधिकाऱ्याने दिली नाही. ती अशी बाजारात काट्यापाशी मिळाली.

पुढचं सर्वांना माहीत आहे. याच शाळेचे कन्ना मडावी डॉक्टर झाले. लालसू नोगोटी वकील झाले आणि 2017 साली गडचिरोली जिल्हा परिषदेवर निवडून गेले. आज शाळेत सहाशेच्या वर मुलं आहेत. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क अजूनही तुटतो, ती गोष्ट निराळी. पहिल्या पिढीची पोरं आता स्वतः पालक आहेत. त्यांच्या मुलांच्या नावापुढे शिक्षक, परिचारिका असे शब्द लागतात, आणि कुठे कुठे पोलीस किंवा वनरक्षकही. नाव लिहून घेणारा माणूस आता घरातलाच निघाला, याची गंमत त्या अंगणातल्या बापाला नक्की कळली असती.

'पहिल्या पिढीचे विद्यार्थी' हा शब्द आपण कौतुकाने वापरतो, आणि ते कौतुक त्या मुलांचं होतंही. पण त्यांच्या आधी एक पिढी होती. तिने स्वतः एक अक्षर न शिकता, शाळा म्हणजे काय हे न पाहता, अनोळखी माणसाच्या कागदावर शाईचा अंगठा उमटवला आणि पोरगं सोडलं. ही काही एकट्या हेमलकशाची गोष्ट नाही. तुमच्या घरात आज पदव्यांच्या चौकटी भिंतीवर असतील, तरी दोन-तीन पिढ्या मागे असा एक अंगठा सापडेलच. तो कुणाचा होता आणि त्या माणसाला काय काय येत होतं, हे घरात सांगणारी जुनी माणसं आहेत तोवर विचारून घ्या. रजिस्टरात 'मजुरी' एवढंच लिहिलेलं असेल.