झाकण

आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेलं गटाराचं झाकण परवा रात्री गेलं. गल्लीतलं जुनं माणूस जावं तसं गेलं, कुणालाही न सांगता. सकाळी त्याच्या जागी वडाची फांदी खोचून वर लाल फडकं बांधलेलं होतं. मुंबईत आपत्ती व्यवस्थापनाचा पहिला टप्पा हाच. दुसरा टप्पा अजून कुणी पाहिलेला नाही.

झाकण बीडाचं होतं. बीड ठिसूळ, घणाचे चार घाव बसले की सरकारी झाकण आणि जुन्या शिलाई मशीनचा पाय यांत देवालासुद्धा फरक कळत नाही, मग काट्यावर बसलेल्या भंगारवाल्या शेटला कुठून कळणार? त्याला कळून घ्यायचंही नसतं म्हणा.

पण झाकणचोर हा या धंद्यातला बिगारी. मालाडला जून २०२३मध्ये नाल्याजवळून ९० फूट लांबीचा, ६००० किलोंचा लोखंडी पूल चोरीला गेला. विजेच्या केबली नेण्यासाठी तो तात्पुरता टाकला होता; पक्का पूल झाल्यावर बाजूला काढून ठेवला होता. गॅसकटर आला, गाडी आली, पूल गेला. पोलिसांनी आसपासच्या कॅमेऱ्यांतून गाडी शोधली, तेव्हा पकडलेल्यांत एकजण पुलाच्या कंत्राटदाराकडचाच निघाला. ज्याने जोडलं त्यालाच ठाऊक असणार, कुठे कापायचं ते.

बिहारवाल्यांनी त्याच्या वर्षभर आधीच कळस केला होता. एप्रिल २०२२, रोहतास जिल्हा. कालव्यावरचा साठ फुटी मोडका पूल. पाटबंधारे खात्याची माणसं म्हणून एक टोळी आली आणि तीन दिवस, भर उन्हात, निवांत तो कापत बसली. गावकरी कृतार्थ झाले असतील: इतके अर्ज केले, शेवटी खातं आलं! खात्याच्या स्थानिक कर्मचाऱ्यांनीही हातभार लावला. पुढे अटका झाल्या, त्यांत खात्याचा एक खराखुरा अधिकारीही होता, म्हणजे सोंग अगदीच खोटं नव्हतं. संशय यावा अशी गोष्ट एकच होती. सरकारी काम, आणि तीन दिवसांत आटोपलं?

या मंडळींचं चुकलं ते एवढंच, की त्यांनी निविदा काढली नाही. आम्ही पांढरपेशे लोक सगळं रीतसर करतो. १९७१च्या युद्धात लढलेली विक्रांत आम्ही २०१४मध्ये सुमारे ६० कोटींना विकली, दारूखान्यात तोडली, आणि २०१६मध्ये तिचं लोखंड घातलेली मोटारसायकल छाती फुगवून हप्त्यांवर घेतली. युद्धनौका पेट्रोलच्या रांगेत उभी राहिली.

गिरण्यांचंही तेच. १८ जानेवारी १९८२ला अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या तसे साचे किलोच्या भावाने गेले. ज्या साच्यावर बापाची हयात गेली त्याचं वजन मुलाला काट्यावर कळलं. लोअर परळच्या एका मॉलमध्ये गिरणीची चिमणी मात्र अजून दिमाखात उभी आहे. वारसा वगैरे ठीक. ती विटांची आहे, आणि भंगारवाला विटा घेत नाही.

तर आमच्या झाकणासाठी सोसायटीची सभा भरली. सिमेंटचं झाकण बसवा, साखळीने बांधा (साखळीही लोखंडाचीच, हे तिसऱ्या मजल्यावरच्या कुणाच्या तरी उशिरा लक्षात आलं), असं सगळं बोलून झालं. शेवटी माझी आई म्हणाली, "अरे, लग्नातल्या भांड्यांवर नाव घालतो ना आपण? माझा पेला चाळीस वर्षांत चार घरी फिरून परत आलाय. झाकणावर नाव घाला."

टाळ्या पडल्या. नाव कुणाचं, यावर एकमताने नगरसेवकाचं ठरलं; बाकांवर असतंच, झाकणावरही घालू. एवढ्या वजनदार माणसाचं नाव पाहिल्यावर चोर हात लावेल का?

खात्री करावी म्हणून आईचा पितळी बंब विकायला गेलो तेव्हा शेटला विचारलं. बंबावर आजोबांचं नाव, साल आणि 'सप्रेम भेट' असं सगळं होतं. शेटने बंब काट्यावर ठेवला, अक्षरांवरून अंगठा फिरवला.

"नावाने काय होतं शेट?"

"काय नाय. कोरल्यामुळे तेवढं पितळ कमी भरतं," तो म्हणाला, आणि भावात पाच रुपये कापले.