फुलराणीचा वेग

पुण्याच्या पेशवे पार्कातली फुलराणी ही छोटी आगगाडी १९५६ साली सुरू झाली. बागेला फेरी मारायची आणि निघालो तिथेच परत यायचं, हा तिचा नेम. या बाबतीत ती थेट सरकारी चौकशी समितीवर गेली आहे. फरक एवढाच की ती वेळेत परत येते.

इथल्या प्राणिसंग्रहालयातले प्राणी केव्हाच कात्रजला गेले. पिंजऱ्यांच्या जागी ऊर्जा उद्यान आलं. मुलांना ऊर्जा शिकवावी लागते, असं ज्याला कुणाला वाटलं, त्याच्या घरी मूल नसावं.

मोठ्या करमणूक पार्कात भरपूर पैसे मोजून माणसाला उलटं टांगून घेता येतं. इथे ती सोय नाही. गचके हवेच असतील, तर येता-जाता रस्ता आहेच, तोही फुकट.

मुलांच्या मापाच्या डब्यात गुडघे हनुवटीला टेकवून बसलेले बाबा ‘पोरांसाठी आलो’ म्हणतात. पोरांचा जीव बाहेरच्या भेळेत, आणि बाबांची ‘आमच्या वेळी’ची पारायणं चालू. तेव्हा पोरांना घेऊन जरूर जा. मात्र कडेची जागा त्यांना द्या आणि भेळेचं आधी बघा.