मध्ये एक मुक्काम

प्रवासात मध्येच कुठेतरी छानशा ठिकाणी एक रात्र थांबावं, ही कल्पना बहुधा अशाच माणसाला सुचते, ज्याच्याकडे बॅगांचं खातं नसतं. आमच्या घरात बॅगांचं खातं नवऱ्याकडे आहे, डब्यांचं माझ्याकडे, औषधांचं सासूबाईंकडे आणि कल्पनांचं अप्पांकडे, म्हणजे माझ्या सासऱ्यांकडे.

जुलैत सुट्ट्या जोडून आल्या आणि कवळ्याच्या शांतादुर्गेला जाऊन यायचं ठरलं. ठाण्याहून सकाळी गाडीत बसायचं, रात्री मडगावला उतरायचं, इतका साधा बेत. पण साधा बेत अप्पांच्या पचनी पडत नाही.

"एका दमात गोवा? आपण माणसं आहोत की पार्सल?" ते म्हणाले. "मध्ये एक मुक्काम करू. निसर्गरम्य जागी."

निसर्गाला विरोध करणारा माणूस अरसिक ठरतो, म्हणून सगळ्यांनी माना डोलावल्या. जेवणाच्या टेबलावर नकाशा अंथरला गेला. तो सारखा गुंडाळला जात होता, म्हणून एका बाजूला सह्याद्रीवर लोणच्याची बरणी आणि दुसऱ्या बाजूला अरबी समुद्रात पाण्याचा तांब्या ठेवला.

मग लक्षात आलं की निसर्गरम्य या गोष्टीबद्दल घरात एकमत नाही. अप्पांना डोंगर, नदी, धुकं आणि खोलीत गरम पाणी हवं होतं. सासूबाईंना देऊळ हवं होतं, पण पायऱ्या नकोत; आणि कोकणातलं देऊळ म्हटलं की पायऱ्या आल्याच. अप्पांच्या धाकट्या बहिणीला, म्हणजे आत्यांना, मासे हवे होते. अकरावीतल्या लेकीला नेटवर्क, सहावीतल्या चिरंजिवांना धबधबा. नवरा एवढंच म्हणाला, "स्टेशनपासून जवळ असू दे." मला दुसऱ्या दिवशी सकाळी डबा करावा लागणार नाही असं कुठलंही गाव चालणार होतं.

पहिलं नाव चिपळूणचं निघालं. परशुरामाचं देऊळ, वाशिष्ठीची खाडी, हिरवे डोंगर, सगळं कसं यादीप्रमाणे. तेवढ्यात चिरंजिवांनी फोनवर वाचून दाखवलं की वाशिष्ठीत मगरी आहेत आणि होडीतून त्या दाखवतात. त्याने आनंदाने उडी मारली आणि सासूबाईंनी त्याच क्षणी चिपळूण नकाशावरून पुसलं. शिवाय नवऱ्याने वेळापत्रक काढलं. चिपळूण दुपारच्या आतच येतं. पोळीभाजीचा डबा उघडायच्या आधीच उतरून मुक्काम कसला करायचा?

रत्नागिरीवर बराच वेळ गेला. तिथे थिबा राजाचा राजवाडा आहे हे अप्पांनी सांगितलं आणि पुढचा इतिहासही सांगितला. इंग्रजांनी 1885 मध्ये ब्रह्मदेशाचं राज्य घेतलं, राजाला आधी मद्रासला आणि मग रत्नागिरीला आणून ठेवलं. 1910 च्या सुमाराला त्याच्यासाठी उंचावर राजवाडा बांधला. खाली खाडी, पलीकडे समुद्र. 1916 मध्ये तो तिथेच वारला.

"म्हणजे त्याला निसर्गरम्य मुक्काम मिळाला, पण परतीचं तिकीट नाही मिळालं," लेक म्हणाली.

तरीही रत्नागिरी नक्की झाली असती. पण तिथे अप्पांचे चुलतमेहुणे राहतात. त्यांच्याकडे उतरावं, तर दोन खोल्यांत आम्ही एवढी माणसं मावायची कशी? लॉजवर उतरावं, तर "आम्ही मेलो होतो का?" हे वाक्य पुढची दहा लग्नकार्यं ऐकावं लागणार. अप्पांनी जड मनाने तांब्या सरकवून रत्नागिरीवर ठेवला.

आत्यांनी मालवणचा पुकारा केला. सिंधुदुर्ग किल्ला, सुरमई, सोलकढी. पण पावसाळ्यात किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या बंद असतात, तो काठावरूनच बघायचा. आणि मासे? पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै मासेमारीला बंदी. माशांच्या विणीचा हंगाम असतो म्हणून.

"बरं, मग ऑगस्टात जाऊ," आत्या म्हणाल्या.

"ऑगस्टात श्रावण आहे," सासूबाई म्हणाल्या. "तेव्हा तुमची तुम्हीच बंदी घालता."

मधल्या काही स्टेशनांवरही बोट फिरलं. पण राजापूर रोड, वैभववाडी रोड अशी नावं दिसली की नवरा नुसती मान हलवायचा. स्टेशनाच्या नावामागे रोड असला की गाव तिथून लांब असतं, आणि तो रोड बॅगांसकट आपल्याला पार करायचा असतो.

यानंतर तिकिटांचा विषय निघाला. अप्पांना जुना नियम आठवत होता: एकाच तिकिटावर मध्ये उतरता येतं, ब्रेक जर्नी म्हणतात त्याला. नियम आजही आहे. फक्त तिकीट 500 किलोमीटरपेक्षा जास्त अंतराचं लागतं आणि पहिले 500 किलोमीटर होईपर्यंत उतरायचं नसतं. ठाण्याहून निघालेल्या माणसाला चिपळूण-रत्नागिरी त्यात बसत नाही. म्हणजे निसर्ग बघायचा, पण आधी पाचशे किलोमीटर कमवायचे! मग दोन वेगळी तिकिटं काढायची म्हटलं, तर मधल्या स्टेशनातून चढणाऱ्याच्या वाट्याला बहुतेक वेळा पूल्ड कोट्याचं वेटिंग येतं, आणि ते वेटिंग कन्फर्म होईल या आशेवर कुळाचार ठरवता येत नाही.

अशी एकेक गावं गळत गळत आम्ही दक्षिणेकडे सरकलो आणि सावंतवाडीला येऊन पोचलो. मोती तलाव आहे, राजवाडा आहे, नातेवाईक नाहीत. सगळ्यांच्या हरकती संपल्या होत्या. पुढच्या तिकिटाची चिंताही संपली होती, कारण सावंतवाडीहून मडगाव गाडीने जेमतेम दीड तास.

"दीड तासच राहतो, तर मग पुढेच जाऊ या की," मी म्हटलं.

"मुक्काम म्हणजे मुक्काम," अप्पा म्हणाले आणि नकाशाची घडी घातली.

प्रवासाच्या दिवशी अप्पा उजवीकडच्या खिडकीत बसले, समुद्र दिसावा म्हणून. कोकण रेल्वेचं नाव कोकणचं असलं, तरी महाराष्ट्रात ती समुद्रापासून आत, डोंगराच्या कडेकडेनेच जाते. खाड्या लागतात, नद्या लागतात, समुद्र काही दिसत नाही. आणि डोंगर फोडून काढलेला हा मार्ग असल्यामुळे त्यावर नव्वदहून जास्त बोगदे आहेत. सगळ्यांची लांबी मिळून सुमारे 84 किलोमीटर भरते. दरी, भातखाचरं, ढग असं सगळं जुळून आलं की नेमका बोगदा यायचा. चिरंजिवांच्या फोनमधल्या बहुतेक व्हिडिओंत आधी थोडी दरी आहे, मग काळोख, आणि काळोखात आत्यांचा आवाज: "चटणी इकडे दे गं."

रत्नागिरीच्या अलीकडे, करबुड्याच्या साडेसहा किलोमीटरच्या बोगद्याआधी, उक्षी नावाचं छोटं स्टेशन आहे. तिथे आमची गाडी थांबली. मार्ग एकेरी, समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायची होती. आणि खिडकीतून धबधबा दिसत होता. काळ्या कातळावरून दुधासारखं पाणी कोसळत होतं, हवेत तुषार होते, झाडी ओलीचिंब. डबाभर माणसं दारात आणि खिडक्यांत गोळा झाली. डोंगर, पाणी, धुकं, अप्पांच्या यादीतलं गरम पाणी सोडून सगळं हजर होतं, आणि तेही फुकट.

अप्पा घड्याळाकडे बघत होते.

"किती वेळ झाला? काही शिस्त आहे की नाही?"

"अप्पा, धबधबा बघा ना!" चिरंजीव म्हणाले.

"बघितला. आता पुढे?"

मला त्यांचा राग आला नाही, कारण डब्यातले निम्मे पुरुष तेच करत होते. आपल्याला निसर्ग हवा असतो, पण तो आपल्या मंजुरीने. आपण निवडला तर त्याला मुक्काम म्हणायचं. त्याने आपल्याला निवडलं, तर गाडी लेट! थिबा राजाला खाडीवरचा सूर्यास्त कसा वाटत असेल, हे मला उक्षीला अप्पांचा चेहरा बघून कळलं.

सावंतवाडीला गाडी थोडाच वेळ थांबते. त्या अवधीत नवऱ्याने बॅगा, मी डबे, लेकीने आजीला आणि आत्यांनी स्वतःला उतरवलं. बाहेर असा पाऊस होता की मोती तलाव कुठे संपतो आणि रस्ता कुठे सुरू होतो, ते कठडा होता म्हणून कळलं. अप्पा लॉजवर पोचल्या पोचल्या आडवे झाले. खोलीला तलावाकडची खिडकी होती. तिच्यातून पाणी आत येतं म्हणून त्यांनीच ती लावून घेतली.

बाकीचे आम्ही छत्र्या घेऊन चितार आळीत गेलो. लाकडी खेळण्यांची ती दुकानं! केळी, वांगी, मिरच्या, फणस, सगळं रंगवून मांडलेलं. सासूबाईंनी एक लाकडी हापूस उचलला, हातात तोलला आणि सवयीने देठाशी नाक नेऊन हुंगला. दुकानदार गंभीरपणे म्हणाला, "गोडीची खात्री देतो, आजी." त्यांनीही तितक्याच गंभीरपणे डझनाचा भाव विचारला. लेकीने गोल गंजिफाचे पत्ते बघितले. दशावताराच्या संचात 120 पत्ते असतात म्हटल्यावर, नेटवर्क नसतानाही लोक वेळ कसा काढायचे हे तिला समजलं.

रात्री खानावळीत ताजा मासा नव्हताच. आत्यांपुढे सुक्या सुंगटांची किसमूर आणि सोलकढी आली. त्यांनी पहिला घास घेतला आणि नंतर बराच वेळ कुणाशी बोलल्या नाहीत. भात तिसऱ्यांदा मागताना मात्र म्हणाल्या, "सरकारची बंदी चांगली आहे हो."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत देवीचं दर्शन झालं. अग्रशाळेच्या ओसरीवर अप्पा पाय पसरून बसले होते. झोप झालेली, प्रसादाचं जेवण झालेलं, चेहऱ्यावर तेज. मला ते तेज ओळखू येतं.

"उक्षीचा धबधबा काय सुंदर होता नाही?" ते म्हणाले. "नीट बघूच दिला नाही गाडीने. परत जाताना तिथे जवळपास एक मुक्काम..."

"अप्पा, परतीची तिकिटं मी कोकणकन्येची काढलीत," मी म्हटलं. "संध्याकाळी निघते, पहाटे पोचते. सगळं कोकण अंधारात जातं. त्यामुळे कुठे थांबावं, यावर कुणाचंच काही म्हणणं नसतं."

"अगं, पण निसर्ग?"

"तुमचा लोअर बर्थ आहे, अप्पा. खिडकीचा."